ग्रुप काढण्याआधी: जुन्या नाशकातल्या एका तरुण कार्यकर्तीस

प्रिय मैत्रिणी,

अफवा रोखायला जुन्या नाशकात हिंदू-मुस्लिम अशा दोन्ही समाजांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा, आठवड्याभरात पाचशे लोक जोडायचे, असं तू लिहिलं आहेस. जागा आहे, एका ग्रुपमध्ये १०२४ जण बसतात. तरी तसं करू नकोस. सुरुवातीला बारा ते सोळा माणसं पुरेत. ती कोण असतील, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

भिवंडीत १९८४ ला मोठी दंगल झाली होती. पुढे तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या आणि त्यांत पुढाऱ्यांपेक्षा साध्या, गल्लीतल्या माणसांवर भर दिला. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. मोबाइल तेव्हा कुणाच्या हातात नव्हता. संकटाच्या रात्री ज्याला फोन करायचा, त्याची ओळख आधीची असायला हवी. ती ओळख टिकवायला आणि बातमी लवकर पोचवायला इंटरनेट उपयोगी पडतं. मुळात ओळख करून द्यायचं काम मात्र तुला पायीच करावं लागेल.

म्हणून दूध बाजार, चौक मंडई, भद्रकाली, काजीची गढी अशा प्रत्येक भागातून माणसं जोडीने घे, दोन्हीकडचा एकेक. रात्री उशिरापर्यंत दुकानात असणारा मेडिकलवाला, रिक्षा स्टँडवरचा जुना माणूस, घरोघरी जाणाऱ्या आशाताई, मशिदीच्या ट्रस्टमधले एखादे चाचा, गणेश मंडळाचा राबणारा कार्यकर्ता. कसोटी एकच लाव: गडबडीची खबर आली तर हा माणूस पाच-सात मिनिटांत चालत तिथे पोचून स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकेल का? महापालिकेच्या तिकिटावर डोळा असलेल्याला घेऊ नकोस, कितीही भला असला तरी. निवडणूक आली की ग्रुप त्याचा होतो.

ॲडमिन दोन ठेव, दोन्हीकडचा एकेक. कुणाला काढायचं असेल तर दोघांचं फोनवर बोलणं झाल्याशिवाय काढायचं नाही, हे पहिल्या बैठकीतच ठरव. असे ग्रुप बहुतेकदा इथेच मोडतात. रात्री अकराला वाद होतो, एक ॲडमिन चिडून समोरच्या तिघांना काढतो आणि सकाळी 'त्यांनी आपल्याला हाकललं' अशी चर्चा चहाच्या टपरीवर सुरू होते. बायकांना थेट ग्रुपमध्ये टाकू नकोस, आधी विचार. त्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि दोन नको ते मेसेज आले की त्या निघून जातात, परत येत नाहीत.

ग्रुपच्या नावात शांती, एकता, सलोखा असे शब्द नकोत. ते वाचून माणूस सावध होतो आणि ग्रुप फक्त सणाच्या शुभेच्छांपुरता उरतो. 'पाणी, वीज, रस्ता' असं काही नाव दे आणि रोज खरंच तेच बोला: नळाला पाणी किती वाजता आलं, डीपी जळाली का, गटार तुंबलं तर वॉर्डातल्या कुणाला फोन करायचा. चार-सहा महिने हे चाललं की माणसं एकमेकांचा आवाज ओळखू लागतात. कंटाळवाणं आहे, पण या कामात मला सर्वांत मोलाचा काळ हाच वाटतो.

मोठ्या लोकसंख्येसाठी दुसरा ग्रुप काढ, ज्यात फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकतील. पहिल्या ग्रुपात पडताळणी करायची, दुसऱ्यात निष्कर्ष द्यायचा. केनियातल्या ताना नदीच्या खोऱ्यात पोकोमो आणि ओर्मा या समाजांत रक्तपात झाल्यानंतर 'उना हाकिका' नावाची सेवा याच पद्धतीने चालली. लोक ऐकलेली अफवा एसएमएसने कळवत, ती गावातल्या माणसांकडून तपासली जाई आणि उत्तर परत पाठवलं जाई.

आता पडताळणीविषयी. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार केलं. त्या वर्षी देशभर फिरलेला मूल पळवण्याचा व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधला होता. मूल परत आणून देतात तो शेवट कुणीतरी कापला होता. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. वारंवार फिरलेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात आणि तो एका वेळी एकाच चॅटला जातो. पण बाण नाही म्हणजे मेसेज अस्सल, असं धरू नकोस. व्हिडिओ फोनमध्ये उतरवून नव्याने टाकला की बाण जातो.

व्हिडिओ आला की आधी आवाज बंद करून बघ, कारण आवाज नंतर चढवलेला असू शकतो. मग थांबवून थांबवून बघ: दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत, गाड्यांच्या नंबरप्लेट कुठल्या. एमएच १५ म्हणजे नाशिक, एमएच ४१ म्हणजे मालेगाव. पोलिसांचा गणवेश आपल्याकडचा आहे का? सावल्या दुपारच्या आहेत आणि मेसेज 'आत्ता रात्री' म्हणतोय का? नदीकाठचा असेल तर गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती शोध. गंगापूर धरणातून विसर्ग नसताना मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी दिसलं तर व्हिडिओ आजचा नाही, एवढं कुठलाही नाशिककर सांगेल. दोन-तीन ठळक चौकटींचे स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सवर टाक, ते चित्रावरून शोध घेतं. जुना असेल तर बऱ्याचदा सापडतो. सापडला नाही म्हणून खरा ठरत नाही. तोवर जोडीतला एकजण त्या जागी पोचलेला असला पाहिजे.

एका वहीत लिहीत जा: काय ऐकलं, कुठे, किती वाजता, कोण बघून आलं, काय निघालं. शेरे तीनच: खरं, खोटं, अजून कळलं नाही. हा तिसरा शेरा वीस मिनिटांच्या आत मोठ्या ग्रुपवर जायला हवा. 'बघायला माणूस गेला आहे' एवढं कळलं तरी लोक थोडं थांबतात.

खुलासा लिहिताना अफवा पुन्हा सांगू नकोस आणि तो फोटो तर अजिबात टाकू नकोस. लाल फुली मारून टाकलेला फोटोही फुली कापून पुढे जातो. सरळ असं लिही: 'आज १२ तारीख, रात्री ८.४०. दूध बाजारात उभा आहे. दुचाकी रिक्षाला धडकली, एकाच्या पायाला लागलं, सिव्हिलला नेलंय. दुकानं उघडी आहेत.' खाली बघणाऱ्याचं नाव. जखमीची जात-धर्म नाही. सोबत अर्ध्या मिनिटाचे दोन व्हॉइस मेसेज, एक मराठीत, एक मोहल्ल्यात बोलतात त्या हिंदी-उर्दूत, जोडीतल्या दोघांच्या आवाजात. दोन्हींची सुरुवात तारीख आणि वेळेने करायची, नाहीतर हाच आवाज पुढच्या वर्षी फिरवून कुणीतरी घोळ घालेल.

आणि बातमी खरी निघाली तर? मारामारी झाली असेल तर झाली असंच लिहायचं, कशावरून ते लिहायचं. एकदा जरी खरी गोष्ट दाबलीस, तरी पुढचा प्रत्येक खुलासा फुकट जाईल.

पोलिसांना ग्रुपमध्ये घेऊ नकोस. ते आले की लोक बोलायचे थांबतात आणि जो बोलतो त्याच्यावर खबऱ्याचा शिक्का बसतो. ठाण्याशी बोलायला दोघेजण नेमून दे. जीवावरचं असेल तर थेट ११२ ला फोन. भडकाऊ मेसेज पुढे पाठवायचा नाही, पण पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवायचा. स्क्रीनशॉट घेण्याआधीच ॲडमिनने मेसेज खोडला तर पुरावाही जातो. समाजांत तेढ पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. ॲडमिन घाबरले तर त्यांना सांग: सदस्याने टाकलेल्या मेसेजसाठी, समान हेतू किंवा आधी ठरलेला कट नसेल तर, निव्वळ ॲडमिन म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे.

तणाव वाढला की मोबाइल इंटरनेट बंद होऊ शकतं. त्यासाठी फोनची साखळी कागदावर लिहून प्रत्येकाच्या घरी भिंतीला चिकटव: कोण कोणत्या तिघांना फोन करणार. एसएमएस देवनागरीत ७० चिन्हांचा असतो आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. 'दूध बाजार शांत. दुकाने उघडी. अपघात होता, भांडण नाही. रात्री ९.१५' एवढं बसतं. साखळी दर दोन महिन्यांनी एकदा चालवून बघ. नंबर बदललेले असतातच.

२०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले होते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने जुलूस पुढे ढकलला. असा मोठेपणा दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गल्लीपर्यंत त्याच दिवशी कळला पाहिजे, आणि कळवणारा त्याच गल्लीतला पाहिजे. वाकडी बारवेपासून गणेश विसर्जनाची मिरवणूक निघण्याच्या दहा दिवस आधी मार्ग, वेळा आणि प्रत्येक चौकातल्या जोडीचे नंबर मोठ्या ग्रुपवर टाकायला विसरू नकोस.

किती सदस्य झाले, हे मला कळवू नकोस. पहिल्या तीन महिन्यांत एका बाजूच्या माणसाने दुसऱ्या बाजूच्या माणसाला, तुला मध्ये न घेता, थेट किती वेळा फोन केला, ते विचारून ठेव. आणि या रविवारपर्यंत सोळा नावांची यादी पाठव, प्रत्येक नावापुढे तो माणूस रात्री दहाला कुठे सापडतो हे लिहून.

तुझी,
ताई