तीन बायका कळांवर असताना बोलायला वेळ कुठून आणायचा?

सिस्टर, तुम्ही विचारलंय की मेळघाटात पहिलीच नेमणूक, रात्रपाळीला एकटी, तीन बायका एकदम कळांवर. अशात गोड बोलायला वेळ कुठून आणायचा? मी 26 वर्षं लेबर रूममध्ये काढली. गोड बोलणं राहू द्या. नीट विचारायचं आणि नीट सांगायचं, एवढंच धरून ठेवा. त्यात वेळ जात नाही, उलट वाचतो.

माझीच चूक सांगते. नोकरीच्या चौथ्या वर्षी एक पहिलटकरीण पहाटे आली. म्हणाली, "कालपासून अंगावरून जातंय." मी केसपेपरवर 'पांढरं जाते' लिहून मोकळी झाले. खरं म्हणजे आदल्या दुपारीच तिचं पाणी फुटलं होतं. पांढरं, लाल, पाणी, तिन्हीला आपल्याकडे बाई 'अंगावरून जातंय' म्हणते आणि पुढचा शब्द लाजेनं गिळते. डॉक्टर राउंडला आले तोवर तिला ताप भरला होता, पाण्याला वास येत होता. बाळ नऊ दिवस काचेच्या पेटीत होतं. वाचलं. पण ती आई रोज काचेला हात लावून उभी राहायची, ते मी विसरलेली नाही. तेव्हापासून विचारते: काय जातंय, कधीपासून, रंग कसा, परकर किती भिजला? आणि पॅड ठेवून स्वतः बघते. हिरवट दिसलं तर बाळाने आत शी केलेली असू शकते, लगेच ठोके ऐका.

'अशक्तपणा' हा शब्दही असाच फसवा. दिवस भरत आलेली बाई डोकं दुखतं, डोळ्यापुढे काजवे चमकतात, हे सगळं अशक्तपणा म्हणूनच सांगते आणि आपण रक्तवाढीच्या गोळ्या हातावर ठेवतो. आधी बीपी घ्या. 140/90 किंवा वर असेल तर लघवी तपासा, डॉक्टरांना उठवा.

तुमच्याकडे त्यात कोरकूची भर. ती मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. बाजारापुरतं हिंदी बोलणारी बाई ऐन कळांत कोरकूतच बोलणार. "समजलं ना?" म्हटलं की ती घाबरून मान हलवते. त्या मानेवर विसंबू नका. हो-नाहीत उत्तर येईल असं विचारूच नका. बाळ शेवटचं कधी हललं, असं विचारा. कळ कधी आली, जोर लाव, थांब, बाळ बरं आहे, अशी दहा-बारा वाक्यं आशाताईंकडून देवनागरीत उतरवून घ्या आणि टेबलाजवळच्या भिंतीला चिकटवा. तुमचे उच्चार ऐकून बायका हसतील. हसू द्या, अंग सैल पडतं.

आणि सोबतीण आत घ्या. सरकारी दवाखान्यांत 2016 पासून त्याला केंद्राची परवानगी आहे; जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या सूचनांतही ते आहे. आई, जाऊ, नणंद, तिला हवी ती. तीच दुभाषी, तीच पाठ चोळते, आणि तुमचे दोन हात दुसऱ्या टेबलासाठी मोकळे राहतात.

"तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?" कळांनी ओरडणाऱ्या बाईला ऐकवलेलं हे वाक्य तुमच्या कानावर येईलच. मला आजही ते ऐकून संताप येतो. ते ऐकून गेलेल्या बायका मी पुढच्या खेपेला पाहिल्या आहेत: घरीच बाळंत झालेल्या, वार अडकलेली, आणि रक्त थांबेना तेव्हा जीपमध्ये घालून आणलेल्या. तुमच्या वरिष्ठ बोलल्या तर तिथे वाद घालू नका, पण तुम्ही त्या बाईजवळ जाऊन उभ्या राहा. "अगं" म्हणण्याने अपमान होत नाही. "ए तीन नंबर" म्हटल्याने नक्की होतो. नाव विचारा.

आतून तपासताना आधी सांगा: "हात लावतेय, गार लागेल, दुखलं तर सांग, मी थांबते." आणि खरंच थांबा. सिझेरियन ठरलं की सहीसाठी नवऱ्याला शोधत धावतात आणि जिच्या पोटावर सुरी चालणार तिला सगळ्यात शेवटी कळतं. आधी तिला सांगा: बाळाचे ठोके कमी होतायत, म्हणून पोटातून काढायचंय.

पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं नसताना "जोर लावू नको" एवढंच ओरडून भागत नाही. मग करायचं काय, ते तिला कळत नाही. मी म्हणायचे, "चूल पेटवताना घालतेस ना, तशी फुंकर घाल." आणि सोबत स्वतः फुंकर घालून दाखवायचे. त्याला भाषा लागत नाही.