गाडी ‘विकसित’ केली की घडवली?

विचारणा अशी आहे: ‘शेल्बी जीटी ३५० या मसल कारच्या विकासात चालक केन माइल्स यांचे योगदान’ हे वाक्य कानाला खटकतं, ते का? आणि ‘डेव्हलपमेंट ड्रायव्हर’ला ‘चाचणीचालक’ म्हणावं का?

व्याकरण ठीक आहे. पण ‘विकास’ म्हटलं की धरणं, रस्ते, भूखंड आठवतात आणि ‘योगदान’ हा सत्कार समारंभातला शब्द. माइल्सनी नक्की काय केलं ते या दोन्हींमागे झाकलं जातं, म्हणून आधी त्यांचं काम बघू.

१९६४ साली फोर्ड कंपनीला आपली मस्टँग ही गाडी शर्यतीत उतरवायची होती. काम आलं कॅलिफोर्नियात कॅरल शेल्बींकडे, म्हणजे रेसिंग ड्रायव्हर असलेल्या आणि पुढे गाड्या बांधू लागलेल्या गृहस्थांकडे; त्यांनी बदललेली मस्टँग म्हणजेच शेल्बी जीटी ३५०. माइल्स तिथलेच ड्रायव्हर. मूळचे इंग्लंडचे, मोटार कारखान्यात उमेदवारी केलेले, स्वतः गाड्या बांधून शर्यती जिंकलेले. वळणावर मस्टँगचं नाक बाहेर ओढायचं. उपाय वरवर पाहता किरकोळ होता: पुढच्या सस्पेन्शनचा वरचा आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) जिथे बॉडीला बसतो, ती जागा एक इंच खाली घेतली. त्याने वळणातही टायर रस्ता धरून ठेवतो. गणित फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांचं. ते वेगात, ट्रॅकवर खरं ठरतं का हे गाडीत बसून सांगायचं माइल्सनी. मागची सीट निघाली, इंजिन २७१ वरून ३०६ हॉर्सपॉवरवर गेलं. १४ फेब्रुवारी १९६५ ला टेक्सासच्या ग्रीन व्हॅली ट्रॅकवर गाडीची पहिली शर्यत झाली आणि ती माइल्सनीच जिंकली. चारही चाकं हवेत असलेला तो प्रसिद्ध फोटो त्याच दिवसाचा.

आता शब्द. चाचणी होते ती समोर ठेवलेल्या वस्तूची. निकाल लागला की संपली. इथे मात्र चालवायचं, काय जाणवलं ते सांगायचं, बदल झाला की पुन्हा चालवायचं, असं चक्र होतं. याला आपल्याकडे ‘घडवणे’ हे उत्तम क्रियापद आहे. सोनार दागिना घडवतो तेव्हा शेवटपर्यंत त्याचा हात त्यावर असतो. ‘चाचणी’ला तिची जागा आहेच: १७ ऑगस्ट १९६६ रोजी कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड ट्रॅकवर फोर्डच्या जे-कार या रेसिंग गाडीची चाचणी घेताना माइल्सचा मृत्यू झाला. इथे तोच शब्द अचूक आहे.

‘चालक’ हा शब्द एसटीच्या ‘चालक-वाहक’ जोडीत इतका मुरला आहे की शर्यतीचा वेग त्यात येत नाही. ‘शर्यतपटू’ म्हटलं तर धावण्याची की बैलगाड्यांची, ते कळत नाही. सरळ ‘रेसिंग ड्रायव्हर’ लिहावं. ‘मसल कार’ (ताकदवान इंजिनाची अमेरिकन गाडी) हा शब्दही तसाच ठेवावा, ‘बलदंड मोटार’ लिहिलं तर वाचक अडखळेल.

मी असं लिहीन: ‘शेल्बी जीटी ३५० ही मसल कार घडवण्यात रेसिंग ड्रायव्हर केन माइल्स यांचा मोठा हात होता.’ लेखात जागा असेल तर त्याला जोडून त्या एका इंचाचीही गोष्ट सांगा.