नवी गोळी आली, आता हायड्रोकॉर्टिसोन थांबवू का?

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यात उलट्या होऊन ती निपचित पडली, तेव्हा सीएएच (ॲड्रिनल ग्रंथींचा जन्मजात आजार) असल्याचं कळलं. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड तीनदा आणि शरीरातलं मीठ टिकवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन एकदा सुरू आहे. वजन वाढतंय, उंचीची धास्ती वाटते. अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिकडे क्रिनेसरफाँट नावाचं नवं औषध आलंय, आता स्टेरॉइड नको. पण त्याच्या चाचणीत काही मुलांना खोटी गोळी दिली म्हणे. आजारी लेकरांशी असं वागतात?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी हात जोडून सांगते, एकही गोळी कमी करू नका. ‘दोन दिवस न देता बघितलं’ असं म्हणत रात्री बेशुद्ध लेकरू घेऊन आलेले आईबाप मी पाहिले आहेत.

भाच्याचं निम्मं खरं आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये चार वर्षांपुढच्या रुग्णांसाठी हे औषध मंजूर झालं, पण स्टेरॉइडच्या जोडीला, त्याच्याऐवजी नव्हे. तुमच्या मुलीच्या मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत कॉर्टिसोल हे शरीराला लागणारं संप्रेरक पुरेसं तयार होत नाही. म्हणून मेंदू ‘आणखी बनव’ असा निरोप धाडत राहतो आणि ग्रंथी भलतीच, पुरुषी संप्रेरकं बनवते. ती दाबायला आपण शरीराच्या गरजेहून जास्त स्टेरॉइड देतो, आणि वजन-उंचीचा त्रास बराचसा त्या जास्तीच्या भागामुळे होतो. नवी गोळी मेंदूचा तो निरोपच मंद करते. त्यामुळे वरचा भाग कमी करता येतो. गरजेपुरता कायम लागतोच.

आता खोट्या गोळीबद्दल. मुलांच्या चाचणीत १०३ जण होते : ६९ जणांना औषध, ३४ जणांना दिखाऊ, म्हणजे औषध नसलेली गोळी. स्टेरॉइड मात्र सगळ्यांना सुरूच होतं, एकालाही त्याविना ठेवलं नाही. पहिले चार आठवडे डोस तसाच ठेवून रक्तातलं अँड्रोस्टेनडायोन (त्याच पुरुषी संप्रेरकांपैकी एक) मोजलं, मग ते आटोक्यात राहतंय का ते बघत डोस उतरवत नेला. २८ आठवड्यांनी औषधाच्या गटात स्टेरॉइड सरासरी १८ टक्के घटलं, दुसऱ्या गटात ५.६ टक्के वाढलं.

दुसरा गट हवाच कशाला? मोठ्यांच्या चाचणीत १८२ रुग्ण होते. तिथे औषधाने डोस २७.३ टक्के उतरला, आणि नुसत्या दिखाऊ गोळीवरही १०.३ टक्के! नीट देखरेख झाली की एवढं घडत असावं, असं मला वाटतं. तो गट नसता तर सगळं श्रेय औषधाला गेलं असतं. याच जातीचं दुसरं औषध, टिल्डासरफाँट, २०२४ मध्ये अशाच तुलनेत मागे पडलं. तुमच्या लेकीला उद्या मिळणारं औषध खरं ठरावं म्हणून त्या ३४ घरांनी हे सोसलं, मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

कधी अशा चाचणीत घेऊ म्हणाले, तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. तुमच्या सहीबरोबर, सातच्या पुढे असल्याने मुलीचा स्वतःचा होकारही लागतो. आणि विचारा : रात्री ताप चढला तर फोन कुणाला करायचा?

सध्या पुढच्या भेटीला उंचीचा तक्ता आणि हाडांच्या वयाचा एक्स-रे न्या. तिचा हायड्रोकॉर्टिसोनचा रोजचा डोस शरीराच्या दर चौरस मीटरला किती पडतो, हे डॉक्टरांकडून काढून घ्या. वाढत्या वयात तो साधारण १० ते १५ मिलिग्रॅम असतो. त्याहून वर असेल तर का, हे तिथेच बसून विचारा.