तीन तिकिटं आणि एन-400

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रीन कार्डला पाच वर्षं होत आली, राहता न्यू जर्सीत, आणि या काळात तीन तिकिटं मिळाली. दोन स्पीडिंगची, एक गाडी चालवताना हातात फोन धरल्याचं. दुसऱ्या स्पीडिंगचा दंड 'बहुतेक भरलाय'. सिटिझनशिपच्या अर्जात, म्हणजे एन-400 या फॉर्मात, हे लिहायचं का, आणि लिहिलं तर अर्ज फेटाळतील का? तुमचा मित्र म्हणतो, दंड भरला की विषय मिटला, 'नो'वर खूण करा आणि मोकळे व्हा.

मित्राचं ऐकू नका. ही तीन तिकिटं लिहिल्यामुळे अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता फार कमी आहे. ती न लिहिता इंटरव्ह्यूला गेलात आणि शपथेवर 'नाही' म्हणालात, तर मात्र जे एरवी कधीच नडलं नसतं ते नडू शकतं. मी वकील नाही. पण 2021 मध्ये चार तिकिटं घेऊन मी याच वाटेने गेले आहे आणि त्यातलं एक तुमच्या तिन्हींपेक्षा वाईट होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी फॉर्मबद्दल. एन-400 मधला ज्या प्रश्नात ही तिकिटं येतात तो प्रश्न 'तुम्ही गुन्हा केलाय का' एवढाच नाही. पोलिसांनी किंवा कुठल्या अधिकाऱ्याने तुम्हाला कधी अटक केली का, ताब्यात घेतलं का, 'साइट' केलं का, असा तो आहे. अमेरिकेत किंवा आणखी कुठेही, आणि कुठल्याही कारणाने. त्यातला 'कधीही' हा शब्द मुद्दाम मोठ्या अक्षरांत छापलेला आहे. आपण ज्याला तिकीट म्हणतो त्याचं कागदोपत्री नाव सायटेशन किंवा समन्स. मग 'साइट केलं का' या प्रश्नाचं तुमचं खरं उत्तर 'हो' असंच आहे. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मी अर्ज भरला तेव्हा सूचनांमध्ये एक दिलासा होता. ज्या ट्रॅफिकच्या प्रकरणात अटक झालेली नाही, दारू किंवा ड्रग्जचा संबंध नाही, आणि शिक्षा म्हणून फक्त 500 डॉलरच्या आतला दंड किंवा लायसन्सवर पॉइंट (नियम मोडल्याची नोंद) एवढंच आहे, त्याचे कागद जोडायची गरज नाही. लोक इथेच गोंधळतात. कागद जोडू नका म्हणजे सांगू नका असं नव्हे. सांगायचं असतंच, फक्त पुराव्यांची चळत लावायची नसते. फॉर्मच्या आवृत्त्या बदलतात तशा या सूचनांचे शब्दही बदलतात, तेव्हा तुम्ही जी आवृत्ती भराल तिच्याच सूचना शेवटपर्यंत वाचा.

आता माझं. एप्रिल 2018. सासूसासरे पुण्याहून आले होते, त्यांना घेऊन आम्ही व्हर्जिनिया बीचला निघालो होतो. गाडी मी चालवत होते. आय-95 वर, रिचमंड यायच्या आधी, मर्यादा ताशी 70 मैलांची होती आणि मी 83 वर होते. न्यू जर्सीत मर्यादेपेक्षा 13 मैल जास्त म्हणजे दंड, दोन पॉइंट आणि घरी थोडी बोलणी. ट्रूपरने, म्हणजे राज्य पोलिसाने, हातात दिलेल्या कागदावर मात्र 'रेकलेस ड्रायव्हिंग' लिहिलं होतं. व्हर्जिनियाच्या तेव्हाच्या कायद्यानुसार, रस्त्याची मर्यादा काहीही असो, 80 च्या वर गेलात की रेकलेस. 2020 मध्ये त्यांनी तो आकडा 85 केला. मर्यादेपेक्षा 20 ने जास्त असलात तरी तोच आरोप लागतो. आणि तिथे हा नुसता वाहतुकीचा नियमभंग नाही, पहिल्या वर्गाचा मिसडिमीनर आहे. म्हणजे फौजदारी गुन्हा, कमाल शिक्षा 12 महिने तुरुंग आणि 2,500 डॉलर दंड.

मागच्या सीटवरून सासरे विचारत होते, "किती द्यायचेत म्हणे?" पावती फाडली की निघू, असं त्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. कागदावर कोर्टाची तारीख आहे आणि ऑनलाइन पैसे भरून हे मिटणार नाही, हे मला दोन दिवसांनी कळलं. त्या दोन रात्री मी झोपले नाही. ग्रीन कार्ड मिळवायला आम्हाला अकरा वर्षं लागली होती. आपण आपल्या हाताने सगळं घालवलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मग त्याच काउंटीतला वकील गाठला. त्याने आठ तासांचा ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंटचा कोर्स करायला लावला आणि गाडीचा स्पीडोमीटर तपासून त्याचा दाखला आणायला सांगितलं. कोर्टात आरोप 'इम्प्रॉपर ड्रायव्हिंग'वर आला. तो गुन्हा नाही, नियमभंग आहे. दंड आणि कोर्टाचा खर्च भरला, आणि वकिलाने सांगितलं म्हणून त्याच दिवशी क्लार्ककडून निकालाची सही-शिक्क्याची प्रत घेतली. त्याला 'सर्टिफाइड डिस्पोझिशन' म्हणतात. पुढे तीन वर्षांनी ती प्रत सोन्यासारखी कामाला आली. दुसऱ्या राज्यातल्या तिकिटाबद्दल माझा आग्रह याचसाठी आहे की एका राज्यात जे किरकोळ असतं ते शेजारच्या राज्यात गुन्हा असू शकतं. टेक्सासमध्ये तर साधं स्पीडिंगही 'क्लास सी मिसडिमीनर'मध्ये मोडतं. तुमची तिन्ही तिकिटं न्यू जर्सीचीच असतील तर हा प्रश्न येत नाही. फोनच्या पहिल्या तिकिटाला इथे 200 ते 400 डॉलर दंड असतो आणि पॉइंट लागत नाहीत.

इंटरव्ह्यू 2022 च्या सुरुवातीला नेवार्कला झाला. उजवा हात वर करून शपथ घेतली. मग अधिकारी बाईंनी अर्जातले प्रश्न एकेक करून तोंडी विचारले. तिकिटांच्या प्रश्नावर मी म्हणाले, "हो, चार." आणि यादी पुढे केली. त्यांनी व्हर्जिनियाचा कागद पाहिला, दारू होती का विचारलं, वेग किती होता विचारला, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. दीडएक मिनिटाचं काम. ज्या गोष्टीने माझी झोप उडवली होती ती तिथे एवढीशी होती.

पण ती एवढीशी राहिली, कारण मी 'हो' म्हणाले. मित्राचा सल्ला नेमका इथे घात करतो. नागरिकत्वासाठी 'गुड मॉरल कॅरेक्टर', म्हणजे चांगली वर्तणूक, दाखवावी लागते. बहुतेकांसाठी अर्जाआधीची पाच वर्षं, अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं असेल आणि त्या आधारावर अर्ज असेल तर तीन. फायदा मिळवण्यासाठी शपथेवर खोटं बोललात तर त्या काळापुरती तुमची वर्तणूक कायद्यानेच चांगली धरली जात नाही. अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही. आणि 1988 मध्ये कुंगिस खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की ते खोटं महत्त्वाच्या गोष्टीबद्दल असायला हवं, अशी अट या कलमात नाही. नागरिकत्व मिळवण्याच्या हेतूने शपथेवर तोंडी खोटं सांगितलं, एवढं पुरे. म्हणजे 200 डॉलरचं तिकीट ज्याला अडवू शकत नाही, त्याला त्या तिकिटाबद्दलचं 'नाही' अडवू शकतं. खरोखर विसरणं वेगळं. तिथे फसवण्याचा हेतू नसतो, आणि इंटरव्ह्यूच्या वेळी 'हे एक राहिलं होतं' म्हणून दुरुस्ती करता येते. पण मित्राने सांगितलं म्हणून ठरवून 'नो' लिहिणं याला विसरणं म्हणत नाहीत.

माझ्या वेळेपेक्षा आता एक गोष्ट बदलली आहे. 15 ऑगस्ट 2025 रोजी यूएससीआयएसने, म्हणजे हे अर्ज तपासणाऱ्या सरकारी खात्याने, वर्तणुकीच्या तपासणीबद्दल नवं धोरणपत्र काढलं. कायद्याने जे गुन्हा ठरत नाही, पण त्या भागातल्या सामान्य नागरिकाच्या वागण्याला सोडून आहे, तेही अधिकाऱ्याने पाहावं असं त्यात आहे. आणि उदाहरण म्हणून बेदरकार किंवा वारंवार केलेले वाहतूक नियमभंग स्पष्ट नावाने दिले आहेत. किती तिकिटं म्हणजे 'वारंवार', याचा आकडा त्यात नाही. त्याच पत्रात चांगल्या बाजूही तोलायला सांगितलं आहे: वेळेवर भरलेला टॅक्स, स्थिर नोकरी, कुटुंबाची जबाबदारी, शिक्षण, समाजातलं काम. पाच वर्षांत तीन तिकिटं, तिन्ही साधी, यात माझ्या मते घाबरण्यासारखं काही नाही. पण टॅक्सचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे टॅक्सच्या नोंदींचे सरकारी उतारे, सोबत ठेवा. मराठी शाळेत रविवारी शिकवत असाल, फूड बँकेत जात असाल, तर तेही सांगायला लाजू नका. आणि चौथं तिकीट आता नको. अर्ज ते शपथविधी या काळात गाडी सावकाश चालवा, फोन डिकीत टाका.

खरा धोका कुठे असतो तेही लिहिते, कारण हे उत्तर तुमच्याशिवाय इतरही वाचतील. दारू पिऊन गाडी चालवण्याचं प्रकरण सगळ्यात वाईट. न्यू जर्सीत त्याला डीडब्ल्यूआय म्हणतात आणि तो फौजदारी गुन्हा मानत नाहीत, तो ट्रॅफिकच्या कायद्यात येतो. त्यामुळे आपल्याकडचे काही जण 'ते पण तिकीटच आहे' असं समजून गप्प बसतात. असं करू नका. 2019 मध्ये अॅटर्नी जनरलच्या कास्तियो-पेरेस निर्णयाने ठरलं की त्या पाच वर्षांत अशा दोन शिक्षा असतील तर वर्तणूक चांगली नाही असंच गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे पटवून देण्याचा भार अर्जदारावर. एका शिक्षेने अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, पण वकिलाशिवाय पुढे जाऊ नका. प्रोबेशन, म्हणजे शिक्षेचा भाग म्हणून कोर्टाच्या देखरेखीखालचा काळ, चालू असताना अर्ज मंजूर होतच नाही. अपघातात कुणाला इजा झाली असेल, लायसन्स निलंबित असताना गाडी चालवल्याचं प्रकरण असेल, अटक झाली असेल, तरीही आधी इमिग्रेशनचा वकील, मग फॉर्म.

भारतातल्या चलनांचं काय, असंही बरेच जण विचारतात. प्रश्नात 'आणखी कुठेही' आहे, त्यामुळे मी तेही सांगितलं. 2006 मध्ये पुण्यात अलका टॉकीजच्या चौकात सिग्नल तोडला म्हणून शंभर रुपयांची पावती फाडली होती. ती पावती आता कुठली असायला! पण वर्ष, शहर, कारण, रक्कम एवढं एका ओळीत लिहिलं. कुणी काही विचारलं नाही.

अर्ज पाठवल्यावर किंवा इंटरव्ह्यू पास झाल्यावर तिकीट मिळालं तर? शपथविधीच्या दिवशी एन-445 नावाचा कागद भरून द्यावा लागतो. इंटरव्ह्यूनंतर कायदा मोडल्याबद्दल अटक, सायटेशन, दंड काही झालं का, असं त्यात विचारतात आणि 'ट्रॅफिकच्या नियमभंगासह' असे शब्द त्यात स्पष्ट आहेत. त्या दिवशी सगळे नटूनथटून, फोटो काढायच्या घाईत असतात आणि सगळीकडे 'नो' करत सुटतात. तो कागद घरीच, शांतपणे भरा.

आता तुम्ही काय करायचं. न्यू जर्सीच्या मोटर व्हेइकल कमिशनच्या (लायसन्स देणाऱ्या खात्याच्या) साइटवरून 15 डॉलर भरून स्वतःचा ड्रायव्हर हिस्टरी अॅबस्ट्रॅक्ट काढा. त्यात पाच वर्षांचा इतिहास येतो, तारखा आठवत बसायला नको. दुसऱ्या राज्यांतलं काही असेल तर ते वेगळं शोधा. मग तारीख, गाव, कारण, दंड, आणि 'भरला' असं प्रत्येकापुढे लिहून यादी करा आणि अर्जासोबत द्या. इंटरव्ह्यूला तीच यादी आणि पैसे भरल्याच्या पावत्या न्या. न्यूयॉर्कमधलं कॅमेऱ्याचं तिकीट गाडीच्या मालकाच्या नावे येतं, चालकावर पॉइंट लागत नाहीत. तरी मी तेही लिहिलं होतं, एका ओळीने काही बिघडत नाही.

या सगळ्याच्या आधीचं एक काम मात्र आजच करा. तीन तिकिटांपेक्षा मला तुमच्या त्या 'बहुतेक भरलाय'ची जास्त काळजी वाटते. दंड भरला नसेल किंवा कोर्टाची तारीख चुकली असेल तर म्युनिसिपल कोर्ट लायसन्स निलंबित करू शकतं, वॉरंटही काढू शकतं. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं असेल तर तुम्हाला पत्ताही लागलेला नसेल. बायोमेट्रिक्सला बोटांचे ठसे दिल्यावर वॉरंट समोर येणं आणि आज स्वतः कोर्टात फोन करून ते मिटवणं, यात फार फरक आहे. एनजेएमसीडायरेक्ट या न्यू जर्सीच्या म्युनिसिपल कोर्टांच्या साइटवर तिकिटाचा नंबर टाकून पाहा. तिथे सापडलं नाही तर ज्या गावात तिकीट मिळालं तिथल्या कोर्टाच्या क्लार्कला फोन करा, केस बंद आहे का विचारा, आणि बंद असेल तर तसं लेखी मागून घ्या. ते हातात आलं की मग एन-400 उघडा.