कोल्हापूर ते दिब्रुगढ : अंतर, वेळ आणि तिकिटे

आसामात तेल आणि चहाच्या क्षेत्रात नोकरीस गेलेल्या मुलांचे पालक वारंवार एकाच गोंधळात सापडलेले दिसतात, म्हणून निवडक प्रश्नांना एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : कोल्हापूर ते दिब्रुगढ हवाई अंतर किती?

सरळ रेषेत सुमारे २,४५० किलोमीटर.

प्रश्न : मोबाईलवर उड्डाणाचा वेळ तीन तास दिसतो, मग तिकिटावर नऊ-दहा तास कसे?

मोबाईलवरचा आकडा म्हणजे सरळ अंतराला जेट विमानाच्या ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने दिलेला भागाकार आहे. ती रेषा बांगलादेशावरून जाते आणि त्या मार्गावर थेट विमानसेवाच नाही. प्रत्यक्षात मुंबई, हैदराबाद किंवा बेंगळुरू आणि बहुधा पुढे कोलकाता, दिल्ली किंवा गुवाहाटी येथे विमान बदलावे लागते. कोल्हापूरहून निघणारे विमान एटीआर (पंख्यांचे छोटे विमान) असेल, तर त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणून वेळ तिकिटावरचाच धरावा.

प्रश्न : परतीला जास्त वेळ का लागतो?

हिवाळ्यात उत्तर भारतावर, विमाने उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. ताशी १०० किलोमीटरचा वारा जाताना पाठीशी आणि येताना समोरून असेल, तर एवढ्या अंतरात पाऊण तासाच्या आसपास फरक पडतो.

प्रश्न : मुंबईपर्यंत एक आणि पुढे दुसरे अशी वेगळी तिकिटे स्वस्त पडतात. मध्ये सव्वा तास पुरेल का? ओळखीचे म्हणतात, पुरतो.

पुरणार नाही. ओळखीच्यांचे विमान त्या दिवशी वेळेवर आले होते, एवढाच त्याचा अर्थ. दोन पीएनआर (तिकिटावरील आरक्षण क्रमांक) म्हणजे दोन स्वतंत्र प्रवास. पहिले विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीवर तुम्हाला पुढे नेण्याची जबाबदारी नसते. सामान पट्ट्यावरून घ्यायचे, टर्मिनल वेगळे असेल तर रस्त्याने तिकडे जायचे, काउंटर बंद होण्यापूर्वी ते पुन्हा द्यायचे आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत नव्याने उभे राहायचे, हे सगळे त्या सव्वा तासात बसवावे लागते. बुकिंगची संकेतस्थळे अशी जोडलेली तिकिटे सर्वांत वर दाखवतात आणि ‘स्वतः विमान बदला’ ही अट बारीक अक्षरांत ठेवतात, याला मी ग्राहकाची दिशाभूल म्हणतो. त्या दिवशीचे दिब्रुगढचे शेवटचे विमान गेले, तर ऐनवेळचे तिकीट आणि रात्रीचा मुक्काम यांत ती बचत कितीतरी पटींनी जाते. हिवाळ्यातील धुक्यात हा धोका आणखी वाढतो. शक्यतो संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर घ्यावा, सामान थेट दिब्रुगढपर्यंत जाईल का हे विमान कंपनीला विचारावे आणि सोबत वृद्ध किंवा आजारी व्यक्ती असल्यास पैसे भरण्यापूर्वीच डॉक्टरांशी व जाणकार एजंटाशी बोलावे.

प्रश्न : तिथे घड्याळ बदलावे लागते का?

नाही. मात्र डिसेंबरात तिथे साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी उतरून दुलियाजान या तेल उद्योगाच्या गावाकडे जाणार असाल, तर गाडी आधीच ठरवावी आणि निघण्याची योग्य वेळ तेथील नातेवाइकांना विचारून घ्यावी.