आठवीच्या वर्गावर जाताय, म्हणून सांगते

मॅडम, पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तुम्हाला सांगेल, "ही वस्तीतली पोरं, यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका." ऐकून घ्या, पण ते वर्गात नेऊ नका.

मी नेलं होतं. एक मुलगी पहिल्या तासाला रोज पेंगायची. मी तिला मागच्या बाकावर बसवलं, फळ्याजवळ कधी बोलावलंच नाही. मार्चमध्ये कळलं, ती पहाटे चारला आईबरोबर हार ओवायला बसायची. फुलांचा भाव, दोऱ्याचा खर्च, उधारी, सगळा हिशेब तिच्या तोंडावर. आणि मी तिला गणितात कच्ची ठरवून मोकळी झाले होते! अजून टोचतं ते.

आठवीला एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत चालतं, सातवीत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट. पण "हिला जमेल, त्याला नाही" असं म्हणत नावं आपणच गाळतो. तसं करू नका. पात्र असलेल्या प्रत्येकाचा फॉर्म भरा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालकांचा रोज बुडतो, म्हणून जूनपासूनच सांगत राहा.

दहावीनंतर आयटीआय सुचवायला हरकत नाही, चांगलाच मार्ग आहे तो. फक्त तेवढेच मार्क असलेल्या डॉक्टरांच्या मुलाला आपण हेच सांगितलं असतं का, ते आधी स्वतःला विचारा.

उद्या पहिलं गणित मागच्या बाकावरच्या कोणाला तरी फळ्यावर सोडवायला द्या. चुकलं तरी खडू हातातून काढून घेऊ नका.