घटकांचा तक्ता आधी कपाटात ठेवा

ताई, तुम्ही लिहिलंय की दुसरीच्या वर्गात गोष्टीच्या घटकांचा तक्ता लावला, पात्र, स्थळ, काळ, समस्या, शेवट हे सगळं मुलांकडून पाठ करून घेतलं आणि नवी गोष्ट वाचून ‘यातली समस्या काय?’ असं विचारलं तर वर्ग गप्प. आता चित्रपुस्तक घेऊन पुन्हा सुरुवात करायची आहे.

मी १७ वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय. माझं म्हणणं असं की तो तक्ता महिनाभर कपाटात ठेवा. सहा-सात वर्षांच्या मुलाला आधी एवढंच दिसायला हवं, की गोष्टीत कुणाला तरी काहीतरी हवंय आणि ते मिळत नाहीये. हे दिसलं की बाकीचं त्याला आपसूक येऊन चिकटतं. नावं मागाहून दिली तरी चालतात.

यासाठी मी पॅट हचिन्स यांचं १९६८ सालचं ‘रोझीज वॉक’ वापरते. पुस्तक इंग्रजी आहे, पण आख्ख्या पुस्तकात शब्द फक्त ३२, तेही एकाच वाक्याचे. त्यामुळे मी मराठीतच सांगते. रोझी कोंबडी फिरायला निघते. अंगण ओलांडून, तळ्याला वळसा घालून, गवताच्या गंजीवरून, गिरणीजवळून, कुंपणातून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून जाते आणि जेवणाच्या वेळेला घरी पोचते. झाली गोष्ट. चित्रांत मात्र सुरुवातीपासून कोल्हा तिच्या मागावर आहे, आणि मजकुरात त्याचं नावसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी मी पुस्तक मिटलेलंच ठेवते आणि नुसते शब्द ऐकवते. ‘कशी वाटली गोष्ट?’ मुलं एकमेकांकडे बघतात. कुणीतरी म्हणतंच, ‘बाई, पण झालं काय?’ हा प्रश्न मुलाच्या तोंडून येणं फार मोलाचं आहे, त्याची घाई करू नका. मग पुस्तक उघडायचं. दुसऱ्या मिनिटाला अर्धा वर्ग गुडघ्यांवर उभा असतो: ‘बाई, कोल्हा! मागे कोल्हा आहे!’ तेच शब्द, तीच कोंबडी, पण आता कुणाला तरी काहीतरी हवंय. गोष्ट सुरू झाली ती इथे.

पान उलटायच्या आधी थांबणं ही या पुस्तकातली सगळ्यात महत्त्वाची जागा. अंगणाच्या चित्रात कोल्हा झेप घेतोय आणि त्याच्या समोर जमिनीवर दाताळं पडलंय, दात वर करून. इथे थांबा. ‘आता काय होईल?’ ज्यांना दाताळं दिसलं ती मुलं सांगतात, बाकीची म्हणतात कोंबडी मेली. मग पान उलटा. तिथे एकही शब्द नाही, फक्त दाताळ्याचा दांडा कोल्ह्याच्या तोंडावर बसलेला. पुढे तळं, गंजी, गिरणी, प्रत्येक ठिकाणी हेच: एका चित्रात झेप, पुढच्यात फजिती. तिसऱ्या ठिकाणापर्यंत मुलं स्वतःच चित्रात शोधायला लागतात, की इथे कोल्ह्याला काय आडवं येणार. गिरणीच्या चित्रात रोझीच्या पायात अडकलेली दोरी आणि वर टांगलेली पिठाची पिशवी एखाद्या मुलाच्या नजरेला पडते, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

‘स्थळ’ शिकवायचं ते इथेच. ‘गोष्ट कुठे घडते?’ विचारलं की ‘शेतात’ असं एका शब्दाचं उत्तर येतं, आणि त्या उत्तराला काहीही अर्थ नसतो. मी उलट विचारते: ‘इथे तळं नसतं तर?’ ‘मग कोल्हा बुडाला नसता, त्यानं कोंबडीला धरलं असतं.’ ठिकाण काढून घेतल्यावर गोष्ट कोसळते का, हे मुलाला कळलं की त्याला स्थळ कळलं. काळासाठी मात्र हे पुस्तक फारसं कामाचं नाही, ओढूनताणून विचारू नका. त्याला आपली चिऊ-काऊची गोष्ट आहे. पाऊस नसता तर शेणाचं घर वाहून गेलंच नसतं.

एका वर्षी एका मुलीनं विचारलं, ‘बाई, रोझीला तर काहीच माहीत नाही. मग अडचण कुणाची?’ त्या दिवशी आम्ही दुसरं काहीच केलं नाही. अर्ध्या वर्गाचं म्हणणं अडचण कोंबडीची, कारण ती मरू शकते. उरलेल्यांचं म्हणणं कोल्ह्याची, कारण उपाशी तो आहे. मी निकाल दिला नाही. मुलं ‘कारण’ म्हणून चित्रावर बोट ठेवत होती, मला तेवढंच हवं होतं.

नंतर ओळखीच्या गोष्टीवर तेच प्रश्न घ्या. म्हातारी आणि भोपळा घ्या, चित्र नसलं तरी चालेल. म्हातारीला काय हवंय? लेकीकडे जायचंय. आडवं काय आलं? जंगलातला वाघ. ‘लेकीचं घर शेजारीच असतं तर?’ ‘तर गोष्टच नसती, बाई.’ तुमच्या वर्गातून हे उत्तर आलं की समजा पाया पक्का झाला.

एक कळकळीची विनंती. पुस्तक मिटल्या मिटल्या ‘यातून काय बोध घेतला?’ विचारू नका. आपल्याला ती सवय आहे, आणि त्या एका प्रश्नानं मुलं चित्रं सोडून बाईंना आवडेल ते उत्तर शोधायला लागतात.

४० मुलं आणि एकच पुस्तक ही तुमची अडचण खरी आहे. मी १२-१३ जणांचा अर्धगोल बसवते, बाकीच्यांना तेवढ्या वेळात चित्र काढायला देते. पुस्तक कडेनं धरायचं, म्हणजे हात चित्रावर येत नाही. हे पुस्तक मिळालं नाही तरी अडून बसू नका. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर २०१५ पासून गोष्टी मोफत मिळतात, मराठीतही, त्या मोबाइलवर किंवा छापून दाखवता येतात. निवडताना एवढंच बघा की शब्दांत नसलेलं काहीतरी चित्रात आहे का. चित्र नुसतं शब्दांची नक्कल करत असेल तर मुलांना शोधायला काही उरत नाही.

शेवटच्या दिवशी मी गट करून देते: आपल्या गावात कोंबडी फिरायला निघाली, कोल्हा मागे. तीन ठिकाणं निवडा, प्रत्येक ठिकाणी कोल्ह्याला काय आडवं येईल ते काढा. गेल्या वर्षी विहिरीचा रहाट आला, उसाच्या फडात पाण्याचा पाट आला, गोठ्यात लाथ मारणारी म्हैस आली. चित्रं भिंतीवर लागली की प्रत्येक गट आपली गोष्ट सांगतो, आणि ‘कोल्ह्याला हे आडवं आलं’ असं एखादं मूल म्हणतं, तेव्हा मी खडू घेऊन फळ्यावर पहिल्यांदा ‘समस्या’ हा शब्द लिहिते.